ब्रेक ओरडतो आहे, तेल टाकू नका
(मोटारसायकलच्या ब्रेकच्या आवाजाविषयी शिरपूर जैन येथील एका मिस्त्रीने केलेले भाषण)



आज मी पिकाविषयी, खताविषयी किंवा जनावरांविषयी बोलणार नाही. आपल्या दारात उभ्या असलेल्या मोटारसायकलविषयी बोलणार आहे, आणि त्यातही फक्त एका गोष्टीविषयी, ती म्हणजे तिच्या ब्रेकचा आवाज. शेतीच्या कार्यक्रमात हा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. पण आता शेतीचे कोणते काम मोटारसायकलवाचून होते, ते सांगा बरं! सकाळी दुधाची कॅन, दुपारी फवारणीचा पंप, संध्याकाळी बायको-पोरांसह सोयऱ्यांकडे, आणि हंगामात सोयाबीनचे कट्टे. बैलजोडी कमी झाली तशी तिची अर्धी कामे या गाडीवर आली. बैलाच्या खांद्याला सूज आली तर आपण त्याला जुंपत नाही. गाडी मात्र ओरडली तरी तशीच दामटतो.

मी शिरपूर जैनला गाड्या दुरुस्त करतो. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला आमच्या गावी दूरदूरचे लोक येतात, पण माझ्या दुकानात येणारी गाडी बहुतेक आजूबाजूच्या खेड्यांतलीच असते. चाकाला काळी माती, चेनला कुटार आणि मागे रबरी पट्ट्याने बांधलेले काहीतरी. त्यातल्या निम्म्या गाड्यांचे ब्रेक काही ना काही बोलतच येतात. मालकाला विचारले, "भाऊ, कधीपासून आवाज येऊन राहिला?" तर उत्तर ठरलेले: "लय दिवस झाले मिस्त्री, पण लागते ब्रेक."

या "लागते ब्रेक" मध्ये किती धोका आहे, हेच मला आज सांगायचे आहे.

बंडीचे वंगण आणि ब्रेकचा आवाज

आपल्या माणसाला एक जुनी सवय आहे. बंडीचे चाक कुरकुरले की आसाला वंगण घालायचे. दाराची बिजागरी करकरली की तेलाचे दोन थेंब सोडायचे. मळणीयंत्र, कडबा कापायचे यंत्र, शिलाई मशीन, सगळीकडे हेच. आवाज आला म्हणजे तेल मागते आहे, असे आपल्या हाडीमाशी भिनले आहे. ते चूकही नाही. जिथे वस्तू सहज फिरावी असे आपल्याला वाटते, तिथे तेल हवेच.

पण ब्रेकचे काम याच्या उलट आहे. तिथे वस्तू फिरू नये, घासून थांबावी, असे आपल्याला हवे असते. जुन्या लोकांना आठवत असेल, घाटात भरलेली बंडी उतरवताना चाकाला आडवे लाकूड लावून चाक घासते ठेवत. ते लाकूड किती मोठ्याने ओरडायचे! पण त्याला कोणी तेल लावले काय? लावले असते तर बंडी बैलांच्या अंगावर गेली असती. मोटारसायकलचा ब्रेक म्हणजे तेच आडवे लाकूड आहे, फक्त डब्यात झाकलेले.

त्या डब्याला ड्रम म्हणतात. चाकाच्या मधोमध जो गोल भाग आहे, त्याच्या आत तो असतो आणि चाकाबरोबर फिरतो. आत अर्धचंद्रासारखे दोन ब्रेक शू असतात, ते फिरत नाहीत. त्यांच्या पाठीवर घासणाऱ्या मसाल्याचा थर चिकटवलेला असतो, त्याला आम्ही लायनर म्हणतो. तुम्ही पायडल दाबले की दांडी ओढली जाते, दांडी एका लहान चपट्या खुंटीला फिरवते, ती खुंटी दोन्ही शू बाहेर ढकलते आणि लायनर ड्रमला घासते. या खुंटीला कॅम म्हणतात. पाय काढला की स्प्रिंगा शूंना परत आत ओढतात. एवढेच यंत्र आहे. यात तेल किंवा ग्रीस लागते ते फक्त कॅमला आणि शू ज्या खुंटीवर टेकतात तिला, आणि तेही चिमूटभर. लायनरला आणि ड्रमला तेलाचा वाससुद्धा लागता कामा नये.

माझ्या हातून घडलेली गोष्ट

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगताना आजही मला बरे वाटत नाही, पण सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वीची, ऐन सोयाबीनच्या हंगामातली गोष्ट. दुकानात गर्दी होती आणि मी एका गाडीचे इंजिन खोलून बसलो होतो. जवळच्या खेड्यातला एक ओळखीचा शेतकरी आला. मागचा ब्रेक आठ-दहा दिवसांपासून करकरत होता आणि पायडल दाबले की लवकर परत येत नव्हते. त्याला बायकोला घेऊन मालेगावला जायचे होते, बाजार समितीत. (हे आपले वाशीम जिल्ह्यातले मालेगाव, नाशिककडचे नव्हे.) गाडीवर एक कट्टाही होता. खोलून पाहायला हवे होते, पण त्याला घाई आणि मलाही घाई. मी मान वर न करता म्हणालो, "कॅम सुकला असेल. वरून थोडं तेल सोडा, उद्या आणा, खोलून पाहू."

थोडं तेल म्हणजे किती, हे मी सांगितले नाही. कुठे सोडायचे, हेही दाखवले नाही. त्याने घरी जाऊन जळक्या ऑइलची बुधली घेतली आणि कॅम जिथे आत शिरतो तिथे चांगले अर्धी वाटी तेल ओतले. ते तेल कॅमच्या बाजूने आत झिरपले आणि थेट लायनरवर गेले. आवाज बंद झाला. पायडलही मोकळे झाले. तो खूश झाला.

गावाबाहेरच्या उतारावर नाल्याच्या पुलापाशी समोर शेळ्यांचा कळप आला. त्याने मागचा ब्रेक दाबला, पायडल खालपर्यंत गेले, गाडी तशीच चालली. पुढचा ब्रेक त्याने कित्येक दिवसांत वापरलाच नव्हता, त्याची केबल ढिली होती. त्याने गाडी बाजूच्या वावरात घातली म्हणून शेळ्याही वाचल्या आणि तोही वाचला. त्याच्या बायकोचा हात मात्र मनगटात मोडला. कट्टा फुटून सोयाबीन रस्त्यावर सांडले. ऐन कापणीच्या दिवसांत त्या बाईचा हात गळ्यात बांधलेला, आणि घरचे सगळे काम अडले.

तो मला रागावला नाही. एवढेच म्हणाला, "मिस्त्री, आवाज बंद झाला तवा मले वाटलं, ब्रेक सुधरला."

त्या दिवसापासून मी ब्रेकच्या बाबतीत तोंडी सल्ला देत नाही. गाडी थांबवा, खोलू द्या, नाहीतर दुसऱ्याकडे जा. आज रेडिओवरून बोलतो आहे म्हणजे एका अर्थी पुन्हा तोंडीच सांगतो आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कंटाळू नका.

आधी आवाज ब्रेकचाच आहे का, ते पाहा

गाडी सपाट जागी डबल स्टँडवर उभी करा. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. इंजिन चालू ठेवून मागच्या चाकाजवळ हात नेऊ नका. चेन आणि चेन सॉकेटच्या मध्ये बोट गेले तर ते परत येत नाही.

मागचे चाक हाताने फिरवा आणि कान द्या. ब्रेक न दाबता आवाज येतो काय? चाक दोन-तीन फेरे मोकळे फिरते की लगेच थांबते? मग चाक फिरत असताना पायडल हाताने हळूच दाबा. दाबल्यावर आवाज सुरू झाला तर तो ब्रेकचा. न दाबताही एकसारखी घरघर असेल तर बहुतेक बेअरिंग गेले आहे. चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवा, खडखड हलले तर बेअरिंगची खात्री समजा. कटकट असा आवाज ठराविक फेऱ्याला येत असेल तर चेन ढिली होऊन कव्हरला लागते आहे का, ते पाहा. पावसाळ्यात तर आणखी एक सोपे कारण असते. आपली काळी माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये घट्ट बसते आणि खरखर घासते. ती काडीने उकरून काढली की आवाज गेला. एकाने तर या मातीपायी मला दोन नवे लायनर टाकायला लावले असते, मीच नको म्हटले.

पुढच्या चाकाची परीक्षाही अशीच. त्यासाठी मदतीला एक माणूस घ्या, त्याने मागून गाडी दाबून पुढचे चाक उचलून धरावे.

कोणता आवाज काय सांगतो

सकाळी गाडी काढली की पहिल्या दोन-चार ब्रेकांना चीं आवाज येतो आणि मग जातो, असे पुष्कळांचे म्हणणे असते. गाडी रात्री दवात किंवा पावसात उभी होती, किंवा आदल्या दिवशी विहिरीवर मोटारीच्या धारेने धुतली होती. आत ओल गेली, ड्रमवर तांबूस गंजाचा पातळ पापुद्रा आला. चार-सहा वेळा ब्रेक लागला की तो घासून जातो. यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र गाडी धुतल्यावर किंवा पाण्यातून काढल्यावर लगेच वेगाने जाऊ नये. ओला ब्रेक कमी धरतो. हळू चालवत ब्रेक हलकेच दाबून तो तापवून वाळवावा.

दिवसभर, प्रत्येक वेळी, गाडी थांबता थांबता बारीक किंचाळी येत असेल तर लायनरला चकाकी आली आहे, किंवा आत धूळ भरली आहे. हे असे का होते? शाळेत गुरुजी फळ्यावर खडू सरळ धरून ओढत, तेव्हा खडू कचकन किंचाळायचा. तोच खडू तिरपा धरला की गप्प. खडू फळ्याला चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि हे सेकंदात शेकडो वेळा होते, म्हणून आवाज निघतो. गुळगुळीत झालेला लायनरही ड्रमवर असाच चिकटतो आणि सुटतो, आणि ड्रम देवळातल्या घंटेसारखा वाजतो. सोयाबीन-तुरीच्या मळणीच्या दिवसांत या तक्रारी जास्त येतात, कारण रस्त्याची धूळ आणि बारीक भुसा आत जातो.

तिसरा आवाज खर्र-खर्र, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा. हा ऐकला की गाडी तिथेच ठेवा. लायनर संपून शूचा धातू ड्रमला घासतो आहे, असा त्याचा अर्थ. असे आणखी आठ दिवस चालवले तर आत खाचा पडून ड्रमही जातो. लायनर काही शे रुपयांत येतात. ड्रम गेला तर बहुतेक गाड्यांत तो हबमध्येच असल्याने सगळा हब बदलून चाक पुन्हा विणावे लागते. खर्च कितीतरी पट होतो.

ब्रेक दाबताना टक असा एकच आवाज येत असेल तर एखादी जोडणी ढिली आहे. त्यात एक जागा फार महत्त्वाची. मागच्या ब्रेकची जी गोल प्लेट असते ती चाकाबरोबर फिरू नये म्हणून एक लोखंडी दांडी तिला चिमट्याशी बांधून ठेवते. तिचा बोल्ट आणि त्यातली काटर पिन पाहा. ही दांडी सुटली तर ब्रेक मारताक्षणी प्लेट फिरते, चाक जाम होते आणि गाडी आडवी पडते. घरी चाक खोलून पंक्चर काढणारे पुष्कळ जण ही काटर पिन पुन्हा लावत नाहीत, तिच्या जागी तारेचा तुकडा खुपसतात. तसे करू नका.

आणि एक आवाज असा आहे की तो येतच नाही. ब्रेक काल ओरडत होता, आज आपोआप गप्प झाला, आणि पायडल नेहमीपेक्षा खाली जाऊ लागले. आत ग्रीस किंवा तेल गेले असण्याची शक्यता मोठी आहे. बेअरिंगला ग्रीस भरताना जास्त झाले, चेनला ऑइल सोडताना ते उडाले, अशी कारणे असतात. ओरडणाऱ्या ब्रेकपेक्षा या गप्प ब्रेकला मी जास्त भितो.

न खोलता पाहायच्या दोन गोष्टी

बऱ्याच गाड्यांच्या मागच्या ब्रेकवर कंपनीनेच खूण दिलेली असते. दांडी जिथे चाकापाशी संपते तिथल्या लोखंडी पट्टीजवळ एक लहान बाण असतो आणि प्लेटवर एक रेघ. पायडल पूर्ण दाबा. बाण रेघेला भिडला तर लायनर संपले. चिखल पुसून पाहावे लागते, एवढेच. वीस-वीस वर्षे गाडी चालवणाऱ्यांनी हा बाण पाहिलेला नसतो.

दुसरे, पायडलची ढिली चाल. १०० सी.सी.च्या साध्या ड्रम ब्रेकच्या गाड्यांत मागचे पायडल ब्रेक धरण्यापूर्वी साधारण २० ते ३० मिलिमीटर, म्हणजे इंचभर, खाली जावे. पुढच्या ब्रेकच्या लिव्हरचे टोक १० ते २० मिलिमीटर हलावे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चाल जास्त असेल तर दांडीच्या टोकाचा नट आवळावा. त्या नटला खाच असते, ती खुंटीच्या गोलाईत नीट बसली पाहिजे, नाहीतर नट हळूहळू फिरून ढिला होतो. मात्र फार आवळू नका. "कडक ब्रेक पाहिजे मिस्त्री" म्हणून लोक चालच ठेवत नाहीत. मग लायनर सतत घासत राहतो, ड्रम तापतो, पेट्रोल जास्त जाते, आणि आवाज पुन्हा सुरू. चार-पाच किलोमीटर गाडी चालवून झाल्यावर हबजवळ हात नेऊन पाहा, लावू नका. ब्रेक फारसा मारला नसतानाही झळ लागली तर ब्रेक अडकून घासतो आहे. नट आवळल्यावर मागचा लाल दिवा वेळेवर लागतो ना, तेही पाहावे.

खोलायची वेळ आली तर

ज्यांचा हात चालतो त्यांनी स्वतः खोलायला हरकत नाही. दांडीचा नट काढा, प्लेटच्या दांडीचा बोल्ट काढा, अॅक्सलचा नट काढून अॅक्सल बाहेर ओढा. मधले बुश कोणत्या बाजूला होते ते लक्षात ठेवा, किंवा निघाले त्या क्रमाने गोणपाटावर मांडा. चाक निघाले की प्लेट शूंसकट हातात येते.

आता एक गोष्ट नीट ऐका. आत जी काळी-करडी भुकटी दिसेल ती तोंडाने फुंकू नका आणि हवेच्या पाइपानेही उडवू नका. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ छातीत बसली तर पुढे फुफ्फुसाचा जीवघेणा आजार होऊ शकतो. आपल्या गाडीत कोणता लायनर आहे हे आपल्याला डोळ्यांनी कळत नाही. म्हणून ओल्या फडक्याने पुसा, फडके टाकून द्या, हात धुवा. मी स्वतः पंधरा वर्षे फुंकतच आलो, नंतर सोडले. लेकरांना जवळ बसवू नका.

पुसल्यावर लायनरची जाडी पाहा. नवा साधारण ४ मिलिमीटर असतो. २ मिलिमीटरवर आला की बदलावा. जाडी भरपूर आहे पण पृष्ठभाग काचेसारखा चमकतो, असे असेल तर घासकागद सपाट लाकडावर ठेवून त्यावर लायनर हलक्या हाताने फिरवा, चकाकी जाऊन खरखरीत होईपर्यंत. दोन्ही टोकांच्या धारा कानशीने जराशा मारा. किंचाळी पुष्कळ वेळा या धारांतूनच निघते. ड्रमच्या आतही घासकागदाचा एक हात फिरवा. नखाला लागेल अशी खाच किंवा काठ असेल तर लेथवर दाखवावे. किती मापापर्यंत ड्रम चालतो, ते बहुतेक हबवर कोरलेले असते. त्यापुढे गेलेला ड्रम वापरू नये.

कॅम बाहेर काढून गंज घासून टाका आणि त्यावर उष्णता सोसणारे ग्रीस बोटाच्या टोकाला लागेल एवढेच लावा. युरिया-डीएपीचे पोते नेताना सांडलेले दाणे दमट हवेत विरघळतात आणि लोखंड खातात. आपल्याकडचे कॅम त्यामुळे लवकर सुकतात, असा माझा अनुभव आहे. खत वाहून आणल्यावर त्या दिवशी मागची बाजू पाण्याने धुवावी. स्प्रिंगा ढिल्या दिसल्या तर शूंबरोबर त्याही नव्या टाका.

तेल प्यालेला लायनर कुणी चुलीवर भाजतात, कुणी पेट्रोलमध्ये बुडवून पेटवतात. वरचे तेल जळते, पण आत मुरलेले तापल्यावर पुन्हा बाहेर येते. शिवाय भाजल्याने लायनर ज्या डिंकाने शूला चिकटवलेला असतो तो डिंक सैल होतो. असा लायनर चालत्या गाडीत उखडून मध्ये अडकला की चाक जाम. त्या शेतकऱ्याचे तेलकट लायनर मी फेकून दिले होते, तसेच तुम्हीही करा. नवे घेताना दोन्ही शू एकदमच बदलावे, आणि ओळखीच्या दुकानातून घ्यावे. खोके कंपनीचे पण आतला माल भलताच, असेही बाजारात चालते.

डिस्क ब्रेकवाल्यांसाठी थोडेसे

आता बऱ्याच नव्या गाड्यांना पुढे लोखंडी थाळी असते, म्हणजे डिस्क. तिला दोन्हीकडून पॅड चिमटतात. पॅडमध्ये खाच असते, ती झिजून दिसेनाशी झाली की पॅड बदलायचे. डिस्क उघडी असल्याने धूळ-चिखलाने ती लवकर चिंचिं करते. साध्या पाण्याने धुऊन वाळवली की बरेचदा भागते. डिस्कवर तेल, चेन स्प्रे किंवा गाडी चमकवायचे पॉलिश उडू देऊ नका. शॉकअप गळत असेल तर तेल डिस्कवर येते, तेव्हा आधी शॉकअप दुरुस्त करून मगच पॅड बदला. ब्रेक दाबल्यावर हातात थरथर येत असेल तर डिस्क वाकली आहे. वरच्या डबीतले तेल इंजिनचे नव्हे, ब्रेकचेच टाकावे. कोणते, ते झाकणावर लिहिलेले असते. इंजिन ऑइल टाकले तर आतली रबरे फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. हे काम मात्र घरी करू नका, मिस्त्रीकडे जा.

१ एप्रिल २०१९ पासून विकल्या गेलेल्या १२५ सी.सी.पर्यंतच्या नव्या गाड्यांत कायद्याने जोड-ब्रेक किंवा एबीएस आहे. जोड-ब्रेकमध्ये मागचे पायडल दाबले की पुढचाही ब्रेक थोडा लागतो. म्हणून अशा गाडीत मागचा नट मनाने आवळला तर दोन्ही ब्रेकांचा मेळ बिघडतो. पुस्तिका पाहून किंवा माहितगाराकडूनच ते करून घ्यावे.

ओझे, उतार आणि पुढचा ब्रेक

ब्रेक कितीही चांगला असला तरी गाडी जागच्या जागी थांबत नाही. ताशी ४० किलोमीटरने जाताना गाडी एका सेकंदात ११ मीटर, म्हणजे सुमारे ३६ फूट जाते. शेळी दिसून पाय पायडलवर जाईपर्यंतच तेवढे अंतर कटते, ब्रेक त्यानंतर लागतो. वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. मागे कट्टा असेल तर आणखी वाढते. १०० सी.सी.च्या गाडीला चालवणाऱ्यासह किती वजन चालते ते पुस्तिकेत दिलेले असते. नवरा, बायको आणि एक भरलेला कट्टा, एवढ्याने ती मर्यादा सहज ओलांडली जाते.

मेडशीहून पातूरकडे घाट उतरताना सारखा ब्रेक दाबून ठेवणारे पुष्कळ दिसतात. ब्रेक तापतो, जळकट वास येतो, आणि तापलेला लायनर धरेनासा होतो. घाट उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा, इंजिनलाच गाडी धरू द्या, आणि ब्रेक मधूनमधून मारा. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नका.

पुढच्या ब्रेकाविषयी आपल्याकडे भलती भीती आहे. "पुढचा मारला की पडते" म्हणून लोक त्याची केबल ढिलीच ठेवतात. खरे म्हणजे ब्रेक मारताना गाडीचे वजन पुढे येते, त्यामुळे गाडी थांबवण्याचे जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. चिखलात, वाळूत आणि वळणावर तो हलक्या हाताने वापरावा, सरळ कोरड्या रस्त्यावर दोन्ही एकदम मारावे. त्या दिवशी उतारावर पुढची केबल नीट असती, तर माझी चूकही बहुधा झाकली गेली असती.

नवे लायनर टाकल्यावर पहिले शंभर-दोनशे किलोमीटर जरा जपून चालवा. लायनर ड्रमला बसेपर्यंत ब्रेक थोडा कमी धरतो आणि बारीक आवाजही येतो. तो आपोआप जातो. या काळात जड ओझे नेऊ नये. दोन दिवसांनी चाल पुन्हा मोजा, ती वाढलेली असेल. आणि ब्रेकला हात लावल्यावर, काम तुम्ही केले असो की मिस्त्रीने, गाडी एकदम रस्त्यावर काढू नका. आधी अंगणातच, मागे कुणाला न बसवता, चालवून दोनदा थांबवून पाहा.

राम राम.